सैराटचा शेवट आणि आम्ही

गेल्या शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राने फ्लॅटवर बोलावून 'युअर नेम' हा जपानी अ‍ॅनिमे दाखवला. दाखवला म्हणजे जबरदस्तीच केली म्हणा ना. खेड्यातली मुलगी, टोकियोतला मुलगा, झोपेत दोघांची शरीरं अदलाबदल होतात, वरून एक धूमकेतू. मुलीचं गाव धूमकेतूच्या तुकड्याखाली केव्हाच नष्ट झालेलं असतं आणि तो मुलगा काळ उलटा फिरवून ते वाचवतो. शेवटी टोकियोच्या एका जिन्यावर दोघं भेटतात. मित्र पाचव्यांदा बघत होता, तरी तो जिना येईपर्यंत पठ्ठ्या उशी घट्ट धरून बसलेला! मी म्हटलं, "समजा, नसते भेटले तर?" तो म्हणाला, "मग टीव्ही फोडला असता."

त्याची एक बाजू आहे. याच दिग्दर्शकाने, माकोतो शिनकाईने, २००७ साली एक चित्रपट काढला होता, त्यात दोघं शेवटी भेटत नाहीत. चाहत्यांनी तो सल वर्षानुवर्षं जपला. मग २०११ साली जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, हजारो माणसं गेली, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'युअर नेम' आला. बुडालेलं गाव परत आणून देणारा शेवट लोकांनी डोक्यावर घेतला नसता तरच नवल.

आता गंमत बघा. त्याच २०१६ साली, त्या सिनेमाच्या चार महिने आधी, आमच्याकडेही एक प्रेमकथा येऊन गेली होती. तिच्या शेवटाने कुणालाच काही परत दिलं नाही. मित्राला हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "हां, ते झिंगाटवालं ना?" तर हा निबंध त्याच्यासाठी.

मी इंदापूर तालुक्यातला. आमच्या बाजूने उजनीच्या पाण्यापलीकडे बघितलं की दिसतो तो करमाळा तालुका. मधे भीमेचा फुगवटा, त्यात लाँच चालतात, बाजाराला न् पाहुण्यांकडे लोक त्यातूनच जातात. नागराज मंजुळे त्या तालुक्यातल्या जेऊरचा. सैराटची विहीर, पाण्याकाठचं ते वाळकं झाड, उसाचे फड, सगळं तिकडचंच. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे नीरा ओलांडली की आलंच. थोडक्यात, पडद्यावर पहिल्यांदा आमच्यासारखं बोलणारी माणसं दिसत होती. "मराठीत सांगितलेलं कळत नाय का" हे ऐकून जो दंगा झाला, त्यात निम्मा आनंद आपली बोली ऐकल्याचा होता.

मी तेव्हा बारामतीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. परीक्षा तोंडावर. चित्रपट लागला २९ एप्रिल २०१६ ला, शुक्रवारी. पहिल्या आठवड्यात तिकीट मिळालं नाही. दुसऱ्या आठवड्यात गेलो ते आमच्या चुलत्यांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर. ते कारखान्याच्या कामाला बारामतीत आले होते, म्हणाले, चल, बघू तरी काय आहे. अण्णा थेटरात येऊन दहा वर्षं झाली असतील. झिंगाट लागलं आणि पहिल्या पाच रांगा उठून पडद्यापुढे गेल्या. मीही गेलो. परत आलो तर अण्णा जागेवर बसूनच टाळ्या वाजवत होते. तिकडे रहिमतपूरला तर मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले होते.

सैराटचा पूर्वार्ध ही एक अद्भुतकथाच आहे, हे मला फार उशिरा कळलं. घोडा नाही तर बुलेट, राजवाडा नाही तर पाटलाचा वाडा, राजकन्या ट्रॅक्टर चालवत येते, एवढाच काय तो फरक. अजय-अतुलने त्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासह संगीत मुद्रित केलं. विहिरीत उडी मारणाऱ्या पोरामागे शंभर व्हायोलिनं वाजल्यासारखं वाटतं. कोळ्याच्या धंद्यावर जगणाऱ्या घरातला पोरगा पाटलाच्या पोरीकडे बघतो आणि जग त्याला साथ देतं. हे करमाळ्यात होत नाही, आपल्याला ठाऊक असतं. पण गाणं चालू असेपर्यंत कोण आठवतंय! मग दोघं पळून हैदराबादला जातात. तिथून पुढे गाणी नाहीत. झोपडपट्टी, डोसे, भांडण, संशय, नोकरी, मूल. पब्लिक जरा कंटाळलं होतं, खरं सांगतो. मागून एक जण ओरडलाही, "झिंगाट लाव रे परत!"

आणि मग माहेरची माणसं येतात. आर्ची दारात रांगोळी काढतेय, समोर भाऊ उभा. आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन आलाय. ती चहा टाकते. लहान पोरगं शेजारणीकडे असतं. ते परत येतं, आत जातं, आणि त्या क्षणी चित्रपटाचा आवाज बंद होतो.

आमच्या थेटरात तेव्हा काय झालं, तर दोन-तीन पोरं ओरडली, "ए ऑपरेटर, आवाज!" त्यांना वाटलं साउंड गेला. दोन सेकंदांत त्यांना कळलं. नंतर ते पोरगं रडत बाहेर जातं, तळव्यांना लागलेलं रक्त फरशीवर उमटत जातं, त्याचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. दिवे लागले तरी कुणी उठेना. तासापूर्वी पडद्यापुढे नाचलेली माणसं होती ती.

प्रेमी जिवानिशी जातात हे आपल्याला नवीन नव्हतं. १९८१ साली 'एक दुजे के लिए' मध्ये दोघं मरतात, आणि तेव्हा काही जोडप्यांनी आपलंही तसंच करून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. 'कयामत से कयामत तक' मध्येही मरतात. तो लागला २९ एप्रिल १९८८ ला. तारीख परत वाचा! बरोब्बर २८ वर्षं आधी, तोही शुक्रवारच. मन्सूर खानने त्याचे दोन शेवट चित्रित केले होते, एक गोड आणि एक मरणाचा. आमच्या भाषेत दोन बिल्ड तयार होते, रिलीज एकच झाला. पण त्या मरणातही एक सोय आहे बघा. नायिकेला गोळी लागते, नायक स्वतःला संपवतो, मावळता सूर्य, एकमेकांच्या शेजारी पडलेले दोघं. बघणारा रडतो आणि हलका होऊन घरी जातो. तिथे प्रेम मरणावर मात करतं, असं काहीसं.

त्याहून मागे गेलं तर मराठी माणसाचा लाडका शेवट वेगळाच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ चं. त्याची गोष्ट काय? मोठ्या भावाला, बलरामाला, बहीण दुर्योधनाला द्यायची आहे. बहिणीचं मन अर्जुनावर. ती त्याच्याबरोबर जाते, भाऊ भडकतो, पण कृष्णाने सगळं असं जुळवून आणलेलं असतं की शेवटी भावालाही राजी व्हावं लागतं. पळून गेलेली बहीण आणि चिडलेला भाऊ. सैराट वेगळं काय सांगतो? एवढंच, की इथे मधे कृष्ण नाही. आणि अर्जुन राजपुत्र होता, परशा नाही, हा तर मूळ मुद्दा.

म्हणून सैराटचा शेवट हलका करत नाही. मारताना दिसत नाही, मरतानाचं बोलणं नाही, दोघांना एकमेकांचा हात धरायलाही मिळत नाही. 'फँड्री' च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. इथे तोही नाही. इथे फक्त आपण मगाशी कशावर नाचलो ते आठवतं.

लोकांनी या शेवटाचं पुढे काय केलं, ते मला शेवटापेक्षा जास्त विचार करायला लावतं. चित्रपट १०० कोटींच्या पुढे गेला, असा पहिलाच मराठी. लोक चार-चार वेळा गेले. माझ्या हॉस्टेलवरचे दोघं प्रत्येक वेळी हैदराबाद आलं की उठून बाहेर यायचे, म्हणजे त्यांच्यापुरता सैराट सुखान्तच! टोकियोत 'युअर नेम' चे चाहते त्या जिन्यावर जाऊन फोटो काढतात, तशी आमच्याकडे करमाळ्याच्या त्या झाडाकडे रीघ लागली. झाडावर बसून फोटो, विहिरीपाशी फोटो. फोटो सगळे पूर्वार्धातले. हैदराबादच्या खोलीचा फोटो काढायला कोण जाणार?

दुसरीकडे राग. आमच्या पोरी बिघडवल्या म्हणून राग, आमच्या जातीला खुनी दाखवलं म्हणून राग. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला मारलं गेलं, त्या संतापात काहींनी सैराटलाही ओढलं. आणि ज्यांना वाटत होतं की मंजुळेने शेवट उगाच भडक केला, त्यांच्यासाठी एक गोष्ट. करमाळ्यापासून फार लांब नाही, जामखेड तालुक्यात खर्डा नावाचं गाव आहे. तिथे २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित मुलाला मारण्यात आलं. दुसऱ्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा संशय. सैराट लागला त्याच्या आदल्या दिवशी या घटनेला दोन वर्षं झाली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते.

२०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला. करमाळ्याचं उदयपूर झालं, जात जवळजवळ गायब झाली, आणि शेवटही बदलला. नवरा आणि मूल मारलं जातं, मुलगी वाचते. मराठी प्रेक्षकांनी नाकं मुरडली, मीही. पण नंतर वाटलं, आपल्याला कसला राग आला होता? शेवट बदलला म्हणून, की आपल्या गावाचं नाव काढलं म्हणून? मला वाटतं, दुसराच जास्त होता. असो.

अण्णांचं राहिलं. त्या रात्री बारामतीहून मोटारसायकलवर परत येताना भिगवण रोडपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "त्या लेकराचं काय झालं असंल रं पुढं?" मी म्हटलं, "अण्णा, पिक्चर आहे." ते म्हणाले, "व्हय, पिक्चरच हाय."

२०२१ साली त्यांच्या थोरल्या मुलीने, आमच्या ताईने, पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. घरून मी एकटाच गेलो होतो, तेही न सांगता. अण्णांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला धाडलं नाही, एवढं मात्र खरं. फक्त ताईचं नाव घेणं बंद केलं. आमच्या घरात तिचा विषय निघाला की कुणीतरी पाण्याच्या पाळीचं बोलायला लागतं. २०२३ मध्ये तिला मुलगा झाला. आजी फोनवर चोरून बोलते, सगळ्यांना माहीत आहे, अण्णांनाही.

गेल्या दिवाळीत टीव्हीवर सैराट लागला होता. झिंगाटला घरातली बारकी पोरं नाचली. अण्णा आरामखुर्चीत होते. पुढे आर्ची रांगोळी काढायला बसली, तसा त्यांनी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. चित्रपट थोड्या वेळाने स्वतःच जो करणार होता तो. मग मोटार चालू करायची आहे म्हणून उठले. लाईट रात्री दहाला येणार होती, तेव्हा साडेआठ वाजले होते.

परत आले तेव्हा बातम्या चालू होत्या. दारात चप्पल काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालायला लागलं का ते?"

मी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या लक्षात आलं.

"लागलं," म्हटलं, "कधीचंच."

त्यांनी मान हलवली आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेले.