राब का जाळायचा? एका प्रश्नाची सव्वाशे वर्षं

खारघरचा नकाशा मोबाईलवर उघडून पाहा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधे चौकोनी सेक्टर. 1970 साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहू लागली, त्याआधी या मधल्या पट्ट्यात भाताची खाचरं होती. खाडीकडची जमीन खार, डोंगरउताराची वरकस. खाचरात भात आणि वरकसावर नाचणी, वरी. पनवेल, कर्जत, पेणपासून थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत शेतीची ही मांडणी जवळपास सारखीच होती.

या सगळ्या शेतीची सुरुवात पावसाच्या आधी, आगीने व्हायची. तिचं नाव राब. हिवाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडायच्या. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर थोडी माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते सावकाश भाजायचं. पावसाच्या तोंडावर त्याच जागेत बी पेरायचं. तणाचं बी भाजून गेलेलं असल्याने रोपं मोकळी, जोमाने वाढतात. कोकणात या रोपांना आवण म्हणतात. हेच आवण काढून खाचरात लावणी करायची.

राब हा शेतकऱ्याचा साधा रिवाज होता. 1878 च्या वन कायद्यानंतर तो वादाचा विषय झाला. जंगल सरकारचं झालं, मग टहाळ तोडायला परवानगी लागू लागली. वनखात्याचं म्हणणं असं, की हे लोक अडाणीपणाने झाडं बोडकी करतात आणि शेण फुकट जाळतात. शेतकरी म्हणत, राब नाही तर भात नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या, की 1885 मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. डोंगरावरच्या ठाकूर-कातकऱ्यांची दळीची शेतीही याच कचाट्यात सापडली. झुडपं तोडून, जाळून नाचणी-वरी करायची ही पद्धत. दळीच्या जमिनींच्या हक्काचा प्रश्न रायगडात 2006 च्या वनहक्क कायद्यानंतरही संपलेला नाही.

म्हणजे डोंगराळ शेतीवरच्या संशोधनाचा पहिला प्रश्न ‘उत्पन्न कसं वाढवायचं?’ हा नव्हता. ‘शेतकरी खरं बोलतोय का?’ हा होता. 1889 मध्ये भारतात आलेले रसायनतज्ज्ञ जॉन व्होल्कर यांच्या 1893 च्या अहवालात राबाची चर्चा आहे. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि 1912 मध्ये प्रसिद्ध केला. राखेतल्या खताइतकंच मातीच्या तापण्यालाही महत्त्व आहे, हे त्यातून पुढे आलं. माती भाजली की तिच्यातले घटक बदलतात, रोपाला अन्न लवकर मिळतं. ज्याला अडाणीपणा म्हटलं जात होतं, त्यात शास्त्र होतं.

पण राबाची किंमतही खरी होती. टहाळ तोडायला आणि वाहून आणायला आठवडेच्या आठवडे जात. त्यात घरातल्या बायकांची पाठ मोडे. जे शेण जळे ते खाचराला मिळत नसे आणि जे गवत जळे ते गुरांच्या तोंडचं जाई. डोंगराळ भागात धान्य, चारा आणि जळण एकाच उतारावरून येतं. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी पडतं.

कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 पासूनचं. 18 मे 1972 रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि कर्जत त्याच्याकडे आलं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारट पाण्याला टिकणारे ‘पनवेल’ नावाचे भाताचे वाण दिले, कर्जतने ‘कर्जत’ मालिका दिली. ठेंगणे वाण लोळत नाहीत, खत मानवतं, दाणा जास्त देतात. मात्र उंच जुन्या भाताचा भरपूर पेंढा हाच कोकणात गुरांचा वर्षभराचा चारा. म्हणून वाण निवडताना शेतकरी दाण्याबरोबर पेंढाही पाहतो. फक्त क्विंटल मोजणाऱ्याला ही निवड जुनाट वाटते. ज्याच्या गोठ्यात बैल आहे, त्याला ती हिशेबाची वाटते.

राबाला खरा पर्याय मिळाला तो मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात, बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला खत म्हणून, ठरावीक अंतरावर लावणी, आणि चार रोपांच्या मधे युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोचायची. कोकणच्या पावसात फेकलेला युरिया वाहून जातो, खोचलेली गोळी टिकते. गंमत पाहा, राख इथेही आहेच, फक्त ती जंगलातून आणायची नाही, गिरणीतून आणायची. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत आणखी पुढे गेली. त्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही नाहीत. गादीवाफ्यावर थेट टोकण करायचं आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मजुरी वाचते, तणनाशकावरचं अवलंबन मात्र वाढतं.

प्रत्येक उत्तर असा नवा हिशेब मागे ठेवतं. तरी सव्वाशे वर्षांत एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. ज्यांनी राब आधी समजून घेतला, त्यांनाच त्याचा पर्याय देता आला. नुसती बंदी घालणाऱ्यांना तो देता आला नाही.

खारघरच्या डोंगरावर आजही आदिवासी वाड्या आहेत. खाली खाचरांच्या जागी इमारती आल्या. त्या खाचरांसाठी कोणतंही विद्यापीठ आता वाण काढू शकत नाही. वरच्या उतारासाठी अजून काढता येतं.