लपवलेल्या वह्या



मागे एकदा बैठक संपल्यावर आमच्या गटातल्या एक मावशी मागे थांबल्या. हप्त्याच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर त्यांनी काही लिहिलं होतं. १९७२ च्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला जायची, त्याची हकिकत. दोन ओळी वाचल्या तोच त्यांनी वही ओढून घेतली. म्हणाल्या, "राहू द्या ताई, आपलं कोण छापणार?" पुढच्या बैठकीत मी पुन्हा विचारलं, तर ती पानं चुलीत गेली होती.

"आपलं कोण छापणार?" हा प्रश्न बायकांना पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. तरीही ज्यांनी लिहिलं, त्यांच्याबद्दल आज बोलू.

पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी शिकत होती. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. बाळंत होताना आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं त्यात लिहिलं. त्यासाठी तिला मोठमोठे शब्द लागले नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलं तिनं स्पष्ट मांडलं.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी कधी शाळेत गेल्या नाहीत. जात्यावर, शेतात काम करताना त्यांना गाणी सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाण्यांचं पुस्तक निघालं. जी गाणी कागदावर आली, तीच आपल्यापर्यंत पोचली. तेव्हा ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि गटातल्या लिहित्या मुलीनं उतरवून घ्यावं. भाषा मात्र सांगणारीचीच ठेवावी.

तिसरी गोष्ट फलटणच्या बेबी कांबळे यांची. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या, पण घरच्यांच्या भीतीनं वह्या लपवून ठेवल्या, एक-दोन नव्हे, सुमारे वीस वर्षं. फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते लेखन बाहेर आलं. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक म्हणून. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. त्या वह्या चुलीत गेल्या असत्या, तर त्या काळच्या महारवाड्यातल्या बायकांचं जगणं आपल्याला इतकं जवळून कळलं नसतं.

यातून आपण काय घ्यायचं? आधी एकच प्रसंग निवडा. "फार हाल झाले" एवढ्यावर थांबू नका. किती वाजता उठलात, मजुरी किती मिळाली, भाकरीबरोबर काय खाल्लं, ते लिहा. मग कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारी जिथं अडते, तिथं दुरुस्त करा. पाठवण्याआधी त्या मासिकाचे दोन-तीन अंक वाचा, म्हणजे ते काय छापतात ते समजतं. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, नाव-पत्ता आणि फोन नंबर घाला. प्रत स्वतःजवळ ठेवा, निदान मोबाईलवर फोटो तरी काढा. दिवाळी अंकासाठी काही महिने आधीच पाठवावं लागतं. आणि लेखन परत आलं, तर खचू नका. पुन्हा वाचा, सुधारा, दुसरीकडे पाठवा.

मावशींना मी नवी वही दिली आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण वही परतही केली नाही. तुमच्या गटातही अशी एखादी मावशी असेल. तिची पानं चुलीत जायच्या आत तिच्याजवळ जाऊन बसा.