हृदयाची रोहिणी आणि धातूची जाळी

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवितें. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला लागणारें रक्त त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या बारीक रोहिणींतूनच त्याला मिळतें. ह्या रोहिणींच्या अस्तराखालीं चरबीचा थर सांचतो. लाइप्झिग येथील विकृतिशास्त्रज्ञ फेलिक्स मार्शां ह्यांनीं १९०४ सालीं ह्या विकाराला जें नांव दिलें, त्यांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पेज' असा आहे. नांव समर्पक आहे. कारण वरून टणक भासणाऱ्या ह्या थराच्या पोटांत मऊ लगदा असतो. वरचें कवच फुटलें, कीं तेथें रक्ताची गुठळी जमते, वाट एकाएकीं बुजते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

ही वाट आंतून मोकळी करण्याची कल्पना मात्र अलीकडची आहे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समन ह्या तरुण डॉक्टरांनीं आपल्याच हाताच्या नीलेंतून एक लवचिक नळी हृदयापर्यंत सरकविली, आणि क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेवविलें. त्या साहसाचें चीज व्हावयास १९५६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पुढें १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झूरिच येथें आंद्रेआस ग्रुंटसिग ह्यांनीं अशाच नळीच्या टोकाशीं बसविलेला इवलासा फुगा एका ३८ वर्षांच्या रोग्याच्या हृदयरोहिणींत फुगविला आणि चरबीचा थर बाजूस दाबला. छाती न उघडतां वाट मोकळी झाली!

परंतु देह हा कांहीं पाण्याचा नळ नव्हे. फुग्यानें ताणलेली रोहिणी कधीं तत्काळ मिटे, तर सुमारें एक-तृतीयांश रोग्यांत ती कांहीं महिन्यांत पुन्हां आकसे. तिला आंतून टेका द्यावा, ह्या हेतूनें १९८६ सालीं तूलूझ येथें झाक प्युएल आणि लोझान येथें उलरिच सिगवार्ट ह्यांनीं धातूची जाळीदार नळी, म्हणजेच स्टेंट, हृदयरोहिणींत बसविला. टेका मिळाला, पण परक्या धातूवर रक्त गोठूं लागलें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत १०५ रोग्यांपैकीं २५ जणांचे स्टेंट पूर्ण बंद पडल्याचें आढळलें, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या पंधरवड्यांतच!

ह्यावर रक्त गोठूं न देणाऱ्या दोन औषधांची जोड उपयोगी पडली. तरीहि जखम भरून येतांना जाळीच्या आंत नवें मांस वाढे. तें रोखण्यासाठीं औषधाचा लेप दिलेला स्टेंट निघाला. १९९९ सालीं ब्राझिलमधील साओ पाउलो येथें एदुआर्दो सोझा ह्यांनीं तो प्रथम वापरला. मांस वाढेना, परंतु त्याच औषधामुळें धातूवर अस्तर चढण्यासहि विलंब होऊं लागला. उघड्या राहिलेल्या जाळीवर वर्षभरानंतरहि गुठळी होऊं शकते, ही चिंता २००६ सालीं जगभर पसरली. पुढच्या पिढीच्या स्टेंटांत हें भय बरेंच कमी झालें आहे. तथापि तें नाहींसें झालेलें नाहीं. म्हणूनच घरीं परतलेल्या रोग्यानें बरें वाटतें म्हणून परस्पर गोळ्या सोडणें, हें आजहि जिवावर बेतूं शकतें.

आणखी एक प्रश्न उरला होता: श्रमाच्या वेळींच छातींत दुखणाऱ्या, परंतु एरव्हीं प्रकृति स्थिर असणाऱ्या रोग्याचें आयुष्य स्टेंटनें वाढतें काय? २००७ सालीं २,२८७ आणि २०२० सालीं ५,१७९ रोग्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तम औषधोपचाराच्या तुलनेंत अशा रोग्यांचे मृत्यु स्टेंटनें कमी झाल्याचें दिसलें नाहीं. वेदना मात्र पुष्कळांची कमी झाली. कारण सरळ आहे. जाळी एका जागेला टेका देते; रोग मात्र साऱ्या रोहिणींत पसरलेला असतो, आणि फुटणारा थर पुष्कळदां दुसरीकडचाच असतो.

ह्यावरून स्टेंट निरुपयोगी, असें कोणीं समजूं नये. झटका आला असतां वाट त्वरित उघडणें हा प्राणरक्षक उपाय होय. तेथें दिरंगाई घातक ठरते. झटका नसतां मात्र डॉक्टरांस दोन प्रश्न विचारण्यास सवड असते: ह्यानें आयुष्य वाढेल कीं केवळ वेदना शमेल? आणि गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील? नव्वद वर्षांच्या ह्या इतिहासानें सामान्य कुटुंबाच्या हातीं ठेवलेली मोलाची शिदोरी हीच आहे.