तारीख, वर्गणी आणि चौक

शिरूर अनंतपाळ 1999 साली तालुक्याचे ठिकाण झाले, पुढे तिथे नगरपंचायत आली. गाव असे शहराच्या वाटेला लागले की कारभाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. चौक आहे, मोकळे मैदान आहे, पण तिथे माणसांनी थांबावे, बसावे, एकमेकांना भेटावे यासाठी काय करायचे? उत्तर बहुधा ठरलेले असते: महोत्सव भरवा, मंडप घाला, बाहेरून कलाकार आणा. लातूर-नांदेड पट्ट्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. इथल्या सार्वजनिक जागा नांदत्या राहिल्या त्या सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या तारखेमुळे, आणि त्या दिवसाच्या खर्चात व कष्टात लोकांचा स्वतःचा वाटा होता म्हणून.

लातूरची गंज गोलाई पाहा. निजामी अमलात, 1917 च्या सुमारास, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सराफ, कुठे कापड, कुठे मसाले, कुठे चपला, अशी व्यापारानुसार वस्ती बसली. देवीमुळे नवरात्राची गर्दी ठरलेली, बाजारामुळे रोजची. इथे माणसाला बोलावून आणावे लागत नाही. त्याचे काम त्याला आणते आणि काम झाल्यावर तो रेंगाळतो. आराखडा उत्तम होता म्हणून गोलाई जगली, असे कोणी म्हणेल. त्याला किल्लारीचे उदाहरण पुरेसे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते रुंद आणि सरळ, घरे अंतराअंतरावर, सार्वजनिक वापराची जागा नकाशावर आधीच राखलेली. तरीही जुन्या गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांत, माळवदाच्या घरांच्या दाटीत जी उठबस होती, ती त्या ऐसपैस रस्त्यांवर आपोआप आली नाही. घर आणि पार यांच्यातले अंतर वाढले, जाता-येता भेटण्याचे निमित्त सुटले. जागा आखून देता येते, तिथे जाण्याचे कारण आखून देता येत नाही.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात एक धोका आहे आणि तो आक्षेप गंभीर आहे. पारावर कोण बसत होते? गावच्या पारावर, देवळापुढे, पाणवठ्यावर दलितांना जागा नव्हती; बायकांना तिथे निवांत बसण्याची मुभा नव्हती. निजामाच्या राज्यात राजकीय सभेवर सरकारी परवानगीची बेडी होती. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे राज्य संपल्यावर ती तुटली, पण जातीची तुटली नाही. ती तोडायला लोकांनी स्वतःच्या तारखा घडवल्या. 14 एप्रिलची आंबेडकर जयंती आणि 1 ऑगस्टची अण्णा भाऊ साठे जयंती कोणत्याही नगररचनाकाराच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, निळे झेंडे, व्याख्याता कोण बोलवायचा याची खलबते, हे सगळे वस्त्यांनी स्वतः उभे केले. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 1978 साली झाला तेव्हा नांदेड-परभणीच्या गावांत दलितांची घरे जळाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. त्या काळात भर चौकातून मिरवणूक नेणे म्हणजे चौकावरचा हक्क सांगणे होते. आज त्या चौकांत जी वर्दळ आहे, तिच्या मुळाशी हा झगडा आहे. परंपरा बंद दाराची असेल तर नवी परंपरा घालता येते, मात्र ती ज्यांची आहे त्यांनीच घालावी लागते.

मग शासनाने हात बांधून बसायचे का? तसे नाही, आणि याचा दाखला माळेगावला आहे. लोहा तालुक्यातल्या या गावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, लाल कंधारी बैल यांचा बाजार आणि कुस्त्यांचा फड ही तिची जुनी ओळख. नांदेड जिल्हा परिषदेने पशुप्रदर्शन आणि लावणी महोत्सव सुरू केला तो याच यात्रेला जोडून. नवी तारीख शोधली नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैलबाजार ओसरले, तेव्हा यात्रेची तारीखही बुडणार, असे म्हणता येईल. पण खरेदीची वस्तू बदलली तरी तारीख टिकते, कारण पाहुणे, नवस आणि लेकीबाळींचे येणे त्याच दिवसाला बांधलेले असते. माळेगावसारख्या यात्रांत उणीव वेगळीच दिसते: तंबूतली गर्दी पुरुषांची, आणि अंधार पडला की बायका परतीच्या वाटेला लागतात. हे बदलणे प्रशासनाच्या हातात आहे आणि त्याला महोत्सवापेक्षा कमी पैसा लागतो.

शिरूर अनंतपाळच्या नगरपंचायतीला म्हणूनच एवढे सांगावेसे वाटते. आठवडी बाजार, जत्रा, सप्ताह, जयंत्या यांचे दिवस आधी एका वहीत मांडा. त्या दिवशी चौकात पिण्याचे पाणी, सावली, रात्री दिवे आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का ते बघा. कार्यक्रम लोकांना ठरवू द्या, आणि वर्गणीची पावती फाडणाऱ्या पोरांना परवानगीसाठी चार टेबलांवर फिरवू नका.