श्रमदान आणि वेठ

महाविद्यालयीन तरुणांना खेड्यात वा झोपडपट्टीत नेऊन दारिद्र्याचे दर्शन घडवावे, म्हणजे त्यांच्या ठायी समाजाविषयी कणव उत्पन्न होईल, ही कल्पना आपल्याकडे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सरकारी योजना होऊन आली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ठरावीक तासांची सेवा, एक ‘दत्तक’ गाव आणि तेथे काही दिवसांचे निवासी शिबिर. किती बंधारे झाले, किती रस्ते झाले, हा हिशेब अहवालांतून सापडतो. मला येथे दुसराच हिशेब मांडावयाचा आहे. गावात गेलेल्या विद्यार्थ्याला काय दाखवले गेले, आणि काय झाकून ठेवले गेले?

मूळ कल्पना विलायतेतील. १८८४ साली सॅम्युअल बार्नेट या धर्मोपदेशकाने लंडनच्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल काढला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तेथे येऊन राहत. राहत, हे महत्त्वाचे. विल्यम बेव्हरिज आणि क्लेमंट ॲटली हे दोघेही तेथे काम करून गेले. पुढे १९४२ चा सामाजिक विम्याचा अहवाल बेव्हरिजने लिहिला आणि १९४५ साली पंतप्रधान झालेल्या ॲटलीने त्यातले बरेचसे कायद्यात आणले. याचे सारे श्रेय त्या वास्तूला देणे भोळेपणाचे ठरेल. पण एक गोष्ट खरी, व्हाइटचॅपेलच्या नळाचे पाणी प्यायल्याने ऑक्सफर्डचा विद्यार्थी बाटत नव्हता.

आपल्याकडे शिबिराचा पहिला प्रश्नच पाण्याचा. १९७४ साली मी अशा एका शिबिरात होतो. मुक्काम शाळेत, स्वयंपाकाचे पाणी पाटलांच्या विहिरीचे. आम्ही वसतिगृहातील तिघे-चौघे अशाच गावांच्या गावकुसाबाहेरून शिकायला आलेलो; आम्हांलाही दारिद्र्याची ओळख करून देण्यासाठीच आणले होते! पाहणीच्या तक्त्यात कुटुंबातील माणसे, जमीन, गुरे, घराच्या भिंती, साक्षरता असे रकाने होते. पाणी कोणत्या पाणवठ्यावरून भरता, हा रकाना नव्हता. त्यामुळे महारवाडा आणि मांगवाडा कागदावर केवळ ‘गरीब वस्ती’ झाले. गरिबी दुष्काळासारखी आभाळातून पडलेली वाटावी आणि तिला कोणी कर्ता नसावा, अशीच ती मांडणी होती.

सकाळी श्रमदान. मुलांनी गावचे रस्ते झाडले, छायाचित्रे निघाली, पुढे प्रमाणपत्रे मिळाली. हेच रस्ते आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडले, सरकारी टपाल वाहिले, मेलेली ढोरे ओढली. त्याला वेठ म्हणत. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेल्या या महारकीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. म्हणजे वेठ कायद्याने संपली आणि दहा-अकरा वर्षांत सरकारी योजनेचे श्रमदान आले. खराटा तोच. एकाच्या हाती तो सेवा ठरला, दुसऱ्याच्या हाती जात.

या सेवेच्या स्वरूपाचा वाद याहूनही जुना आहे. १९३२ साली पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी सवर्णांची संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिचे चिटणीस ठक्करबाप्पा यांना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी विलायतेच्या प्रवासात बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. अस्पृश्यांना सद्गुण शिकवीत बसण्यापेक्षा विहिरी, शाळा, चावडी येथील हक्कांसाठी लढा. मुंबईच्या गिरण्यांतील विणखाते त्यांना बंद आहे, ते उघडा, असे त्यांत होते. शिवाय कार्यकर्ते अस्पृश्यांतून घ्या, असेही होते. संस्थेचा कारभार मात्र सवर्णांच्याच हाती राहिला. गांधीजींचे म्हणणे असे की, हे ऋण सवर्णांचे आहे, ते त्यांनीच फेडावयाचे. ज्याचे देणे त्याला हिशेबाच्या वहीजवळ बसू द्यायचे नाही, हा कुठला सावकारी न्याय!

त्याच पत्रात बाबासाहेबांची आणखी एक सूचना होती, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. सवर्णांनी अस्पृश्यांना आपल्या घरात घ्यावे, पाहुणा म्हणून वा नोकर म्हणून; सहवासावाचून दुरावा जाणार नाही. बाबासाहेबांनी प्रवासाची दिशाच उलटी केली होती. सेवा योजनेने मात्र जुनी दिशाच धरली. तिच्यात विद्यार्थ्याने गावात जाऊन राहण्याची तरतूद आहे; गावकुसाबाहेरच्या मुलाने तेवढेच दिवस त्या विद्यार्थ्याच्या घरी राहण्याची, त्याच्या माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेण्याची नाही.