गस्तीच्या हातातला उजेड

माइटर स्क्वेअर हा लंडनच्या पूर्व भागातला एक लहानसा चौक. ३० सप्टेंबर १८८८च्या रात्री दीडच्या सुमारास एडवर्ड वॉटकिन्स नावाचा शिपाई गस्त घालत त्या चौकातून गेला, तेव्हा तिथं कुणीही नव्हतं. ठरलेली फेरी पुरी करून तो १ वाजून ४४ मिनिटांनी परतला आणि चौकाच्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला कॅथरीन एडोज या स्त्रीचा मृतदेह दिसला. ‘जॅक द रिपर’ या नावानं ओळखल्या गेलेल्या खुन्यानं तिचा बळी घेतला होता. पुढं चौकशीत वॉटकिन्सनं सांगितलं, की आपला कंदील पेटलेला होता आणि पट्ट्याला अडकवलेला होता. शिट्टी मात्र नव्हती. त्याच्या दलात ती दिलीच जात नसे. तो समोरच्या गोदामात धावला आणि तिथल्या पहारेकऱ्याला त्यानं हाक मारली. शिट्टी वाजवत मदत आणायला गेला तो हा पहारेकरी.

रात्रीच्या शिपायाकडं त्या काळी होता तो बुल्स-आय कंदील. पत्र्याचं नळकांडं, आत तेलाची टाकी आणि वात, समोर जाड फुगीर भिंग. आतलं एक फिरतं नळकांडं वळवलं की ज्योत न विझवता उजेड झाकता येई. ही सोय मोलाची होती, कारण दबा धरून बसलेल्या शिपायाला काडी ओढण्याइतकाही वेळ मिळत नाही. पण पत्रा तापायचा, तेल गळायचं, काजळी भिंगावर बसायची आणि उजेड पडायचा तो चार-सहा पावलांपुरता. थंडीच्या रात्री शिपाई त्यावर हात शेकत, एवढीच त्या तापण्याची कमाई.

गस्तीच्या दिव्याच्या इतिहासात दोन प्रश्न आहेत. हातात काय द्यायचं, हा पहिला. दिलेलं कामाचं आहे की नाही हे कशावर तपासायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर १८९९ साली मिळालं. दुसऱ्याचं मिळायला त्यानंतर ११० वर्षं गेली, आणि त्या दरम्यान माणसांचे जीवही गेले.

विजेच्या दिव्याची अडचण बल्बपेक्षा सेलची होती. फ्रान्समध्ये जॉर्ज लेक्लांशे यानं १८६६ साली बनवलेला घट ओला होता. आडवा केला की सांडायचा. १८८०च्या दशकात जर्मनीत कार्ल गासनर यानं त्यातला द्रव लापशीसारखा घट्ट केला आणि कोरडा सेल तयार झाला. मग तो खिशात ठेवता आला, उलटा धरता आला. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या इंग्रज कारागिरानं असे सेल एका नळीत एकामागं एक बसवले, टोकाला बल्ब आणि पितळेचा परावर्तक लावला. १० जानेवारी १८९९ रोजी त्याला अमेरिकी पेटंट मिळालं. ते ज्या कंपनीच्या नावे झालं तिचा मालक कॉनराड ह्यूबर्ट. मूळ नाव अकिबा होरोविट्झ, मिन्स्कहून अमेरिकेत आलेला निर्वासित. ‘एव्हरेडी’ हे नाव त्याच्याच कंपनीचं.

ह्यूबर्टनं काही नग न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट दिले. त्यांनी ते रात्रीच्या गस्तीत वापरले आणि चांगला अभिप्राय दिला. म्हणजे आज घरोघरी असलेल्या विजेरीची पहिली खरी चाचणी गस्तीच्या शिपायांनी घेतली. पण ती चाचणी होती ‘बरं आहे, उपयोगी पडतं’ एवढीच. कार्बनच्या तारेचा बल्ब आणि दुबळे सेल यांमुळं उजेड सलग टिकत नसे. क्षणभर दाबायचं, सोडायचं, सेलला विसावा द्यायचा. टंगस्टनची तार आल्यावर, म्हणजे १९१०च्या आसपास, हा त्रास बराच कमी झाला.

महायुद्धांनी या वस्तूला घाई लावली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट होता. रस्त्यावर टॉर्च लावायची तर काचेवर पांढऱ्या पातळ कागदाचे दोन थर लावावे लागत. सेलचा तुटवडा होता. नेदरलँड्समध्ये फिलिप्सनं हातानं दाबत राहायची डायनॅमो टॉर्च काढली. तिला सेलच लागत नसे, पण मूठ दुखेपर्यंत दाबावी लागे. अमेरिकी सैन्यानं मान काटकोनात वळलेली टॉर्च वापरली, म्हणजे ती छातीला अडकवून दोन्ही हात मोकळे राहत. रंगीत काचाही मिळत. लाल उजेडात नकाशा वाचला तर अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. एकदा पांढरा झोत डोळ्यांवर पडला की ती नजर पूर्ण परत यायला वीस ते तीस मिनिटं लागतात.

भारतात टॉर्च घरोघरी पोचली ती एव्हरेडीच्या नावावर. एव्हरेडी कंपनी (इंडिया) १९३४ साली स्थापन झाली, पुढं तिची नॅशनल कार्बन आणि १९५९ साली युनियन कार्बाइड इंडिया झाली. पितळी किंवा पत्र्याची, दोन किंवा तीन सेलची, पुढचं तोंड फिरवून झोत बारीक-मोठा करायची ती बॅटरी महाराष्ट्राच्या खेड्यांत पोलीस पाटलापासून रात्रीच्या बैलगाडीवाल्यापर्यंत अनेकांकडं असे. पावसात तिच्या स्प्रिंगला गंज चढे, सेल फुटून हिरवट मीठ बाहेर येई, मग खोबरेल लावून घासकाम. याच कंपनीचा भोपाळमध्ये कीटकनाशकांचा कारखाना होता. २ ते ३ डिसेंबर १९८४च्या रात्री तिथून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. त्याच सेल आणि टॉर्चच्या धंद्यातून वाढलेल्या कंपनीचा हा वारसा आहे. टॉर्चचा इतिहास सांगताना तो वगळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पुढं तिच्या अमेरिकी मूळ कंपनीनं आपला हिस्सा विकला आणि भारतीय कंपनीचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं.

अमेरिकेत मधल्या काळात टॉर्चला वेगळंच वळण लागलं. पत्र्याच्या टॉर्च पडल्या की चेपत, बल्ब फुटत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लॉस अँजेलिस परगण्याच्या शेरीफ दलातला डॉन केलर यानं जाड अ‍ॅल्युमिनियमची ‘केल-लाइट’ काढली. १९७९ साली टोनी मॅग्लिका याची ‘मॅगलाइट’ आली. हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये जन्मला, क्रोएशियाच्या झ्लारिन बेटावर वाढला आणि कॅलिफोर्नियात यंत्रकामगार म्हणून उभा राहिला. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातलेली नळी, रबरी कड्यांनी पाणी रोखलेलं, तोंड फिरवून झोत जुळवायची सोय. पोलीस आणि अग्निशमन दलांनी ती उचलून धरली. खरोखरच ती उत्तम वस्तू होती.

तिच्यातला धोका मात्र वजनात होता. डी आकाराचा एक अल्कलाइन सेल सुमारे १४० ग्रॅमचा. पाच-सहा सेलची टॉर्च घेतली तर नुसते सेलच पाऊण किलोच्या आसपास जातात, वर अ‍ॅल्युमिनियमची दीड फुटी नळी. ती खांद्यावर धरून चालणाऱ्या पोलिसाच्या हातात दिव्याबरोबर एक सोटाही आला. लाठी वापरली तर तिची नोंद, तिचे नियम, तिचं प्रशिक्षण. टॉर्च मात्र उपकरणांच्या यादीत दिवा म्हणूनच राहिली.

५ नोव्हेंबर १९९२ रोजी डेट्रॉइटमध्ये मॅलिस ग्रीन या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी गाडीजवळ अडवलं आणि त्याच्या डोक्यावर टॉर्चचे घाव घातले. तो मेला. खटला चाललेल्या पोलिसांपैकी दोघे दोषी ठरले. जून २००४मध्ये लॉस अँजेलिसमध्ये गाडी चोरल्याच्या संशयावरून पाठलाग झालेल्या माणसाला एका पोलिसानं टॉर्चनं वारंवार मारलं. वर घिरट्या घालणाऱ्या वृत्तवाहिनीच्या हेलिकॉप्टरमुळं ते शहरानं पाहिलं. तेव्हा विल्यम ब्रॅटन पोलीसप्रमुख होते. त्यांच्या खात्यानं मोठ्या धातूच्या टॉर्च काढून टाकायचं ठरवलं आणि पेलिकन कंपनीबरोबर नवी टॉर्च घडवली. २००७ साली आलेली ही टॉर्च जुनीच्या निम्म्याहून कमी वजनाची, प्लास्टिकच्या अंगाची आणि एलईडीची होती, तरी उजेड जास्त देत होती. वस्तूचा आकार बदलून माणसाच्या वागण्याला आवर घालता येतो, याचं इतकं थेट उदाहरण पोलीस सामग्रीत क्वचितच सापडेल.

लहान टॉर्चची वाट त्याआधीच खुली झाली होती. कॅलिफोर्नियातल्या जॉन मॅथ्यूज यांच्या लेझर प्रॉडक्ट्स या कंपनीनं, जी पुढं शुअरफायर झाली, कॅमेऱ्यात वापरले जाणारे सीआर१२३ हे लिथियम सेल टॉर्चमध्ये घातले. एक सेल सुमारे १७ ग्रॅमचा, तीन व्होल्टचा, कपाटात दहा वर्षं टिकणारा. दोन सेलची ‘६पी’ ही टॉर्च तळहातापेक्षा थोडीच लांब होती आणि तासभर सुमारे ६५ लुमेन देत होती. तिचं बटण शेपटाला होतं. मुठीत धरून अंगठ्यानं दाबलं की उजेड, सोडलं की अंधार. ‘टॅक्टिकल’ हे विशेषण ज्या टॉर्चना लागतं त्यांची ओळख या शेपटाच्या बटणात आहे. अमेरिकी एफबीआयच्या जुन्या पद्धतीत टॉर्च अंगापासून दूर, हात लांब करून धरायला शिकवत, कारण समोरचा गोळी झाडतो ती उजेडाच्या रोखानं. अशा वेळी बटण चाचपडायला लागलं तर टॉर्च असून नसल्यासारखी.

पुढची क्रांती सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. निळ्या एलईडीमुळं पांढरा एलईडी शक्य झाला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लिथियम-आयन बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं. आज बाजारात मिळणाऱ्या साध्या चार्जिंगच्या टॉर्चमध्ये ही दोन्ही नोबेलं एकत्र नांदतात.

उजेड स्वस्त झाला आणि खोक्यांवरचे आकडे बेलगाम झाले. हजार लुमेन, दहा हजार लुमेन, काहीही. मोजायचं कसं यावर एकमतच नव्हतं. २००९ साली अमेरिकेत एफएल-१ हे प्रमाण ठरलं आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला सुरुवात झाली. लुमेन म्हणजे टॉर्चमधून सगळीकडं मिळून बाहेर पडणारा प्रकाश. तो टॉर्च लावल्यावर किमान तीस सेकंदांनी मोजायचा. कँडेला म्हणजे झोताच्या मध्याची तीव्रता. पल्ला म्हणजे जिथं उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचं अंतर. चालण्याचा वेळ म्हणजे सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उजेड येईपर्यंतचा काळ. शिवाय काँक्रीटवर सहा वेळा पाडून पाहायचं आणि पाण्याची परीक्षा घ्यायची.

या आकड्यांत ड्यूटीच्या माणसासाठी सगळ्यांत मोलाचा कँडेला, आणि जाहिरातीत सगळ्यांत मागं ढकललेलाही तोच. दहा हजार कँडेलाची टॉर्च २०० मीटर पल्ल्याची. पल्ला दुप्पट, ४०० मीटर हवा तर कँडेला चौपट, चाळीस हजार लागतात. पल्ल्याच्या टोकाला फक्त चांदणं उरतं; तिथं उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो, तेव्हा खोक्यावरचा पल्ला निम्मा किंवा तिसरा हिस्सा धरावा, हे बरं. चालण्याच्या वेळेचंही तसंच. बऱ्याच टॉर्च पहिली दोन-तीन मिनिटं भगभगतात, मग तापतात म्हणून आपोआप उजेड उतरवतात आणि मंद उजेडावर तासन् तास रेंगाळतात. खोक्यावर तो सगळा वेळ मोजलेला असतो. हजार लुमेनची तीन मिनिटं आणि दोनशे लुमेनचे चार तास यांत रात्रपाळीला दुसरं हवं.

महाराष्ट्रात हा हिशेब पोलिसांपुरता नाही. कोकण रेल्वेवर २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली महाडजवळ करंजाडीला रुळांवर आलेल्या दरडी-दगडांमुळं गाड्या घसरून माणसं मेली. पावसाळ्यात तिथं दरडीच्या टप्प्यांवर रात्रंदिवस पायी गस्त असते. धो-धो पावसात जोरदार पांढरा झोत थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो. तिथं अरुंद, लांब जाणारा झोत आणि पाण्यात बुडूनही चालणारी टॉर्च लागते. नुसत्या शिंतोड्यांना पुरणारं आयपीएक्स ४ तिथं अपुरं; एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारं आयपीएक्स ७ हवं.

शेतकऱ्याची गरज नेमकी उलटी. कृषीपंपाची वीज रात्रीची मिळते तेव्हा उसाला पाणी द्यायला, दारं धरायला बांधावर जावंच लागतं. मण्यार, घोणस, फुरसं पायाशीच असतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे; बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि त्यांतले निम्मे पावसाळ्यात. बांधावर ४०० मीटरचा पल्ला निरुपयोगी आहे. पावलापुढच्या दोन-तीन मीटरवर पसरट, सलग चार-पाच तास टिकणारा शंभर-दोनशे लुमेनचा उजेड हवा, आणि हात खोऱ्याला मोकळे राहावेत म्हणून तो कपाळावर बांधता आला तर आणखी चांगलं. सोबत गमबूट हवेतच.

म्हणून टॉर्च घेताना आधी काम ठरवा, मग खोकं उलटं करून पाहा. त्यावर कँडेला, मीटरमधला पल्ला, प्रत्येक पातळीवरचा चालण्याचा वेळ आणि आयपीएक्सचा आकडा छापलेला असेल तर विचार करा. नुसता लुमेनचा एक भला मोठा आकडा असेल तर ती टॉर्च परत ठेवा. आणि पोलीस ठाण्यांसाठी, रेल्वेसाठी, ग्रामपंचायतींसाठी शेकड्यांनी टॉर्च विकत घेणाऱ्यांनी निविदेत हेच आकडे मागावेत, आणि सही करण्याआधी दोन नग रात्रपाळीच्या माणसांच्या हातात देऊन महिनाभर वापरून पाहावेत.