वॉरिकचा अर्ल: तलवार त्याची, जमीन बायकोची

निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही की आपली वर्तमानपत्रं कुणाला तरी 'किंगमेकर' करून टाकतात. इतिहासात ही पदवी ज्याला कायमची चिकटली तो रिचर्ड नेव्हिल, वॉरिकचा अर्ल. जन्म १४२८. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्याच्या दोन शाखांच्या भांडणात त्याने १४६१ मध्ये चौथ्या एडवर्डला गादी मिळवून दिली, आणि १४७० मध्ये त्यालाच हुसकून सहाव्या हेन्रीला परत बसवलं. लढाया पुस्तकांत भरपूर सापडतात. आपण आज त्याच्या घरात डोकावू.

मुळात 'वॉरिक' ही त्याची वडिलोपार्जित पदवीच नव्हे. ती बायकोच्या माहेरची. अ‍ॅन बीचमशी त्याचं लग्न दोघं लहान असतानाच लागलं होतं. तिचा भाऊ १४४६ मध्ये वारला, भावाची चिमुरडी मुलगी १४४९ मध्ये गेली, आणि प्रचंड जमीनजुमला अ‍ॅनकडे आला. नवरा विशीतच वॉरिकचा अर्ल झाला. त्याच्या वडिलांना सॉल्सबरीची पदवीही अशीच बायकोकडून मिळालेली. घराण्याची रीतच म्हणा ना!

मुलगा नाही, दोन मुली, इझाबेल आणि अ‍ॅन. (आई आणि धाकटी एकाच नावाच्या, म्हणून आईला आपण काउंटेस म्हणू.) पुढे राजाशी बिनसलं तसं वॉरिकने मुलींची लग्नं राजकारणाला जुंपली. १४६९ मध्ये थोरली राजाच्या मर्जीविरुद्ध राजाच्याच भावाला, क्लॅरन्सच्या ड्यूकला दिली. पुढच्याच वर्षी धाकटी कालच्या शत्रूच्या, म्हणजे सहाव्या हेन्रीच्या मुलाला. १४ एप्रिल १४७१ ला बार्नेटच्या लढाईत वॉरिक पडला. तीन आठवड्यांत ट्यूक्सबरीला हा जावईही मारला गेला. मुलगी चौदाव्या वर्षी विधवा. नंतर तिचं दुसरं लग्न झालं, राजाच्या धाकट्या भावाशी, ग्लॉस्टरच्या रिचर्डशी.

आता खरा पेच. वॉरिकला राजद्रोही ठरवलं असतं तर त्याची मालमत्ता राजाकडे गेली असती, आणि राजाने दिलेलं राजा परत घेऊ शकतो. दोन्ही जावयांना हवा होता पक्का वारसाहक्क. पण जमीन सासूची, आणि सासू जिवंत! ब्यूली मठाच्या आश्रयाला बसून ती राजाला, राजघराण्यातल्या बायकांना पत्रं लिहीत होती. कारकून नाही म्हणून स्वतःच्या हाताने. तिने गुन्हा कोणताच केला नव्हता.

१४७४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: काउंटेस जणू नैसर्गिकरीत्या मृत आहे असं धरून तिची मालमत्ता मुलींत वाटावी. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना 'जणू' हा शब्द फार आवडतो. विचारप्रयोगात तो निरुपद्रवी असतो. इथे त्याने एका बाईचं सगळं काढून घेतलं, आणि ते पचलं. कारण या 'जणू'मुळे कुणाचं नुकसान होत असेल तर फक्त तिचं, आणि तिच्या बाजूने उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं. मुलीही त्या वाटणीच्या लाभार्थीच.

इझाबेल १४७६ मध्ये गेली, क्लॅरन्सला १४७८ मध्ये राजद्रोहासाठी मारलं. अ‍ॅन तिसऱ्या रिचर्डची राणी झाली आणि १४८५ मध्ये वारली. त्याच वर्षी रिचर्ड बॉसवर्थला पडला. काउंटेस या सगळ्यांच्या मागे राहिली. १४८७ मध्ये सातव्या हेन्रीने तिची जमीन तिला परत दिली, आणि लगोलग तिच्याकडून बहुतेक सगळी स्वतःच्या नावावर लिहून घेतली. ती १४९२ पर्यंत जगली.